रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र बिघडलेलंच

एक गोष्ट आधीच सांगते, आजचा भाग जेवताना ऐकण्यासारखा नाही. कारण आज आपण पोटाबद्दल बोलणार आहोत, आणि पोटाबद्दल बोलायचं म्हणजे संडासबद्दल बोलणं आलंच. ते बोलायला मी लाजले, त्यात माझे बरेच महिने वाया गेले. त्यामुळे आज लाजणार नाहीये.

दुसरी गोष्ट, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, कोड लिहिते. त्यामुळे हा भाग ऐकून स्वतःचं निदान स्वतः करू नका. निदान करून घ्यायला डॉक्टरकडे जाल, तेव्हा कसं जायचं, काय सांगायचं, काय विचारायचं, एवढंच आज सांगायचंय.

सुरुवात कशी झाली

ऑगस्ट २०२२. मी पुण्यात पीजीमध्ये राहायचे, मेसचा डबा लावला होता. दुपारी तीन चपात्या, भाजी, वरण-भात. रात्री तेच. हळूहळू जेवल्यावर पोट फुगायला लागलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत जीन्सचं बटण लागायचं नाही. मग दिवसातून तीन-चार वेळा जावं लागायचं. मध्येच चार दिवस बद्धकोष्ठ. ऑफिसला जायच्या आधी काही खायचं नाही, हा माझा नियमच झाला, कारण ट्रॅफिकमध्ये अडकले तर काय, ही भीती.

पहिल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली. दुसऱ्यांनी जंताचं औषध आणि प्रोबायोटिक. तिसऱ्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली. ती नॉर्मल आली. "रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, बाहेरचं खाऊ नका." मी बाहेरचं खातच नव्हते, पण ऐकून घेतलं.

याच काळात आणखी काही गोष्टी होत होत्या. केस गळत होते, त्यासाठी मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तोंड सारखं यायचं, त्यासाठी केमिस्टकडून बी-कॉम्प्लेक्स घेतलं. जिना चढले की धाप लागायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. "पाळीमुळे असेल," म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिने रोज घेतल्या, हिमोग्लोबिन ९.४. वजन ५४ किलोवरून ४८.

आता बघा, पोट एका डॉक्टरकडे, केस दुसऱ्याकडे, रक्त तिसऱ्याकडे. कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, प्रत्येकाने आपल्यासमोरचा तुकडा बघितला. सगळे तुकडे एकत्र असलेली एकच जागा होती, ती म्हणजे मी. आणि मी ते एकत्र कधी मांडलेच नाहीत. माझ्या डोक्यात ते वेगवेगळे आजार होते.

सोलापूरला गेल्यावर बरं वाटायचं

२०२३ च्या मे महिन्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने घरून काम करायची परवानगी घेतली आणि सोलापूरला गेले. तिथे पोट बरंच शांत झालं. सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, पुण्यातलं टेन्शन. आई म्हणाली, "बघ की, घरचं खाल्लं की कसं बरं वाटतंय." मलाही पटलं. आयटीत काम करणाऱ्या मुलीचं पोट बिघडलं तर टेन्शनशिवाय दुसरं काय असणार?

आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी असते, चपाती पाहुणे आले तर. हा फरक आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आला नाही.

पुण्यात परतल्यावर महिनाभरात सगळं पुन्हा सुरू. मग मी नऊ हजार रुपये भरून 'दोनशे पदार्थांची तपासणी' करून घेतली. एका रक्ताच्या नमुन्यातून कुठले पदार्थ तुम्हाला चालत नाहीत हे कळतं, अशी जाहिरात होती. रिपोर्टमध्ये अंडी, काजू, वांगं, दही, गहू, मूग असे एकोणतीस पदार्थ लाल रंगात. या तपासण्या आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. पण आपण जे नियमित खातो त्याविरुद्ध ही प्रतिद्रव्यं निरोगी माणसातही असतात. त्यावरून आजार ठरत नाही, आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या तपासण्या करू नका असंच सांगतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी घाबरून अर्धं स्वयंपाकघर बंद केलं.

त्यातच मावसबहीण म्हणाली, "तू गहू सोडून बघ, माझ्या मैत्रिणीला फरक पडला." सोडला. तीन आठवड्यांत पोट हलकं! मला वाटलं, प्रश्न सुटला.

इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली.

तपासणीच्या आधीच गहू सोडला

हिमोग्लोबिन वाढत नव्हतं, म्हणून शेवटी पोटाच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टकडे गेले. त्या मॅडमनी आधी फाइल बाजूला ठेवली आणि वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारले. झोपेतून उठून संडासला जावं लागतं का? वजन किती दिवसांत कमी झालं? तोंड येतं का? घरात कुणाला थायरॉइड, मधुमेह? लोहाच्या गोळ्या खरंच रोज घेतल्या का?

मग म्हणाल्या, "गव्हाची तपासणी कधी केली होती का?"

मी अभिमानाने सांगितलं, "मॅडम, मी गहू दोन महिन्यांपूर्वीच सोडलाय."

त्या म्हणाल्या, "मग आता पुन्हा सुरू करावा लागेल. संशयिताला घराबाहेर पाठवून घराची झडती घेता येत नाही."

त्यांना सिलिॲक आजाराची शंका होती. हे नेमकं काय ते सोप्या भाषेत सांगते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही लोकांच्या शरीरात, जनुकांमुळे, ग्लुटेन आलं की प्रतिकारशक्ती चवताळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. ही ॲलर्जी नाही, आणि 'गहू पचायला जड' असंही नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांतूनच अन्न शोषलं जातं. या हल्ल्यात ते झिजून सपाट होतात. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि नुकसान तिथेच सगळ्यात जास्त होतं. म्हणजे मी गोळ्या गिळत होते, पण त्या रक्तापर्यंत पोचतच नव्हत्या.

गहू आणि या आजाराचा संबंध लक्षात आला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. या आजाराची मुलं मात्र त्या काळात सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. डिकेंना गव्हाची शंका आधीपासून होती, तिला यामुळे बळ मिळालं. त्यांनी पद्धतशीर अभ्यास करून १९५० मध्ये प्रबंध मांडला. थोडक्यात, माझ्या सोलापूर-पुणे फेऱ्यांत जे झालं, तेच.

आता तपासणीचं गणित. पहिली तपासणी रक्ताची, टीटीजी-आयजीए. यात हल्ला चालू असताना बनणारी प्रतिद्रव्यं मोजतात. ग्लुटेन बंद केलं की हल्ला थांबतो, प्रतिद्रव्यं उतरायला लागतात, आतडंही हळूहळू भरून यायला लागतं. अशा वेळी तपासलं तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून मला सहा आठवडे रोज गहू खायला सांगितला. सहा आठवडे! पहिल्या चार दिवसांतच पोट पुन्हा ढोल झालं. दोन वेळा ऑफिसमधून अर्ध्यात घरी आले. एका रात्री पीजीच्या बाथरूमच्या फरशीवर बसून आईला फोन केला आणि नुसती रडले. आई म्हणाली, "सोड की गं ते औषधपाणी, भाकरीच खा. बरं वाटतंय ना, मग बास की."

बरं वाटतंय, मग निदान कशाला?

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. मीही तोच मॅडमना विचारला. गहू सोडून बरं वाटतंय, तर आयुष्यभर सोडते, झालं!

त्यांनी तीन कारणं सांगितली. पहिलं, गहू सोडून बरं वाटलं म्हणजे सिलिॲकच असतो असं नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात, ती आतड्यात आंबतात आणि गॅस करतात. आयबीएस असलेल्यांनाही गहू सोडल्यावर बरं वाटतं. पण त्यांच्या आतड्याला इजा झालेली नसते, अधूनमधून पुरणपोळी खाल्ली तर फार तर पोट दुखेल. सिलिॲकमध्ये 'अधूनमधून' चालत नाही. नियम कितपत कडक, हे निदानावर ठरतं.

दुसरं, सिलिॲक असेल तर हाडं, थायरॉइड, जीवनसत्त्वं हेही तपासावं लागतं. तिसरं, आई-वडील, भावंडं, मुलं यांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, साधारण दहात एक. म्हणजे माझं निदान फक्त माझं नव्हतं.

सहा आठवड्यांनी रक्त दिलं. प्रतिद्रव्यं मर्यादेच्या कितीतरी पट. सोबत एकूण आयजीएही मोजलं होतं, कारण काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी बनतं, आणि मग टीटीजी-आयजीए खोटंच नॉर्मल दिसतं. नंतर एंडोस्कोपी, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चिमूटभर तुकडे काढले, बायोप्सी. मार्च २०२४ मध्ये कागदावर नाव आलं. वीस महिने लागले.

माझ्यापर्यंत हे उशिरा पोचलं, त्याला एक कारण आहे. हा आजार उत्तर भारतात, जिथे गहू हेच मुख्य अन्न आहे, साधारण शंभरात एकाला सापडतो. दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास. त्यामुळे आपल्या भागात तो पटकन डोक्यात येत नाही, आणि 'लहान मुलांचा आजार' अशी समजूतही आहे. तो कुठल्याही वयात लक्षात येऊ शकतो.

प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते

आता हा भाग नीट ऐका, कारण तुम्हाला सिलिॲक नसण्याचीच शक्यता जास्त आहे, पण हे सगळ्यांना लागू पडतं. 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं नाही. त्या तपासणीला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर 'नाही' आलं, एवढंच.

सोनोग्राफी पित्ताशयातले खडे, यकृत, मूत्रपिंड, अंडाशय बघायला चांगली. आतड्याच्या अस्तरावरची बारीक झीज तिच्यात दिसत नाही. एंडोस्कोपी अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात दाखवते. कोलोनोस्कोपी मोठं आतडं आणि लहान आतड्याचा शेवट. त्या शेवटाच्या भागात क्रोन्स आजार आणि आतड्याचा टीबी दोन्ही होतात, आणि दोन्ही इतके सारखे दिसतात की आपल्याकडे भल्याभल्या डॉक्टरांना ओळखणं अवघड जातं. कधीकधी आधी टीबीची औषधं देऊन, काही महिन्यांनी पुन्हा आत बघून ठरवावं लागतं. म्हणजे निदानाला वेळ लागला तर दर वेळी डॉक्टर चुकतायत असं नसतं.

शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची एक तपासणी असते. आतड्यात सूज आहे का, हे ती सांगते. आयबीएस की सूज असलेला आजार, हे वेगळं करायला उपयोगी. पण पेनकिलर घेत असाल तर ती विनाकारण वाढलेली दिसू शकते. हेलिकोबॅक्टर पायलोरीसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी असेल, तर ॲसिडिटीच्या गोळ्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर जंतू असून दिसत नाही. त्यामुळे तपासणीच्या आधी एक वाक्य विचाराच, "मी आत्ता जे खातोय किंवा जी औषधं घेतोय, त्याने रिपोर्ट बदलेल का?" आणि डॉक्टरांना न विचारता स्वतःहून काही बंद करू नका. माझी चूक तीच होती.

सगळं नॉर्मल आलं तर?

माझ्या टीममधल्या एका मित्राची लक्षणं माझ्यासारखीच होती. त्याच्या सगळ्या योग्य तपासण्या झाल्या, सगळ्या नॉर्मल. त्याला आयबीएस सांगितलं आणि तो चिडला, "म्हणजे काहीच सापडलं नाही, म्हणून हे नाव दिलं!"

तसं नाहीये. आयबीएसला ठरलेले निकष आहेत. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणं, आणि ते दुखणं शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा स्वरूप बदलण्याशी जोडलेलं असणं, यातलं किमान दोन. सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. यात आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला असतो, दुखणं खरं असतं. त्यावर औषधं आहेत, आहाराची पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात तयार झालेला लो-फॉडमॅप आहार काही आठवडे करून, मग एकेक पदार्थ परत आणायचा असतो, तोही आहारतज्ज्ञाच्या मदतीने. माझ्या मित्राचा त्रास कमी झाला तो निदान मान्य केल्यावर. तोवर तो चौथ्या एंडोस्कोपीच्या मागे होता. मला शोध चालू ठेवायची गरज होती, त्याला थांबायची.

मग कधी थांबायचं नाही? ही लक्षणं असतील तर 'टेन्शन असेल' यावर समाधान मानू नका: शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच, प्रयत्न न करता वजन उतरणं, दुखण्याने किंवा जुलाबाने झोपेतून जाग येणं, हिमोग्लोबिन कमी असणं, रेंगाळणारा ताप किंवा रात्रीचा घाम, गिळायला त्रास, सतत उलट्या, घरात आतड्याचा कॅन्सर किंवा आतड्याच्या सुजेचा आजार. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, म्हणून त्या चालू असतील तर तेही सांगा. यातली दोन लक्षणं मला होती. त्याला नाव असतं आणि ते सांगायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

एक पान घेऊन जा

डॉक्टरकडे वेळ कमी असतो, त्यामुळे गोष्ट सांगत बसू नका, एक पान द्या. वर तारखेनुसार काय कधी सुरू झालं. वजन, आधी आणि आता. पोटाशी संबंध नाही असं वाटणाऱ्या गोष्टीही लिहा: तोंड येणं, केस, सांधे, पुरळ, थकवा, पाळी. सगळी औषधं, पेनकिलर आणि काढे धरून. आतापर्यंतच्या तपासण्या, तारखांसकट. आणि दोन आठवड्यांची नोंद: काय खाल्लं, किती वाजता त्रास, शौच कशी. त्यासाठी ब्रिस्टल चार्ट वापरा, त्यात शौचाचे सात प्रकार चित्रांनी दाखवलेत. 'टाइप सहा, दिवसातून चार वेळा' एवढं म्हटलं की लाजत वर्णन करावं लागत नाही.

आणि शेवटी दोन प्रश्न विचारा. "आपण काय असेल असं धरतोय?" आणि "याने फरक पडला नाही तर पुढची पायरी काय?" दुसरा प्रश्न मी पहिल्याच डॉक्टरांना विचारला असता, तर कदाचित दर वेळी नवीन डॉक्टर शोधत फिरले नसते. मी बदलत राहिले, त्यामुळे प्रत्येकाने पहिल्यापासून सुरुवात केली.

आता

आता ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ. पोहे आणि साबुदाणा चालतो, रव्याचा उपमा नाही. भाकरी खाणाऱ्या घरात जन्मले हे माझं नशीब. पण गंमत बघा, डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्ये गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीतही असू शकतो. आणि गिरणीत गव्हाच्या मागून माझी ज्वारी दळली तर तेवढंही पुरतं, म्हणून घरात छोटी चक्की घेतली. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा एफएसएसएआयचा नियम आहे. तेव्हा लेबल वाचायची सवय लागलीये.

आठ महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झालं. भावाची तपासणी नॉर्मल आली. आई अजून करून घेत नाहीये. तिचं रक्तही वर्षानुवर्षं कमीच असतं. "मला काय धाड भरलीये," म्हणते. या भागाची लिंक तिला पाठवणार आहे, बघू.

तुमचंही पोट महिनोन् महिने बिघडलेलं असेल, तर आज रात्री ते एक पान लिहायला घ्या. आणि गहू सोडायच्या आधी तपासून घ्या.